शकील मिस्त्री गाडीखाली जात नाही

मेहकरहून जानेफळच्या शाळेत मी अकरा वर्षं जाऊन-येऊन नोकरी केली. त्यातली शेवटची सात वर्षं धम्मशीलाताईंच्या व्हॅनमधून. गाडी दोन हजार तीन सालची, सरकत्या दाराची, आठ माणसांची. आम्ही पाच शिक्षक, आरोग्य केंद्रातल्या एक नर्सबाई आणि वाटेत हात करील तो. गाडी मुळात ताईंच्या भावाची. तो पुण्याला कंपनीत लागला आणि गाडी विकायला निघाला, तेव्हा ताईंनी ती ठेवून घेतली. तोवर त्यांनी सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं. चार महिन्यांत शिकल्या, लायसन काढलं आणि आमच्या वेळेत गाडी सुरू केली. सकाळी सव्वानऊला बसस्टँडच्या मागे गाडी उभी, म्हणजे उभीच.

त्या गाडीमुळे माझी शकीलशी ओळख झाली. शकील माझ्याहून चार वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला एकेरीच बोलतो. ही गोष्ट त्याची आहे. काही मी डोळ्यांनी पाहिलं, काही त्यानं सांगितलं, आणि जे त्यानं सांगितलं नाही ते त्याच्या बायकोनं, शाहजादीभाभींनी सांगितलं.

शकीलचं गॅरेज जानेफळ रोडला, टिनाच्या तीन पत्र्यांचं. एकटाच काम करायचा. अशा जुन्या व्हॅनचा तो खास मिस्त्री. या गाड्यांचं इंजिन पुढे नसतं, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली असतं. सीट उचलली की इंजिन समोर. प्लग, कार्बोरेटर, पंख्याचा पट्टा, पाण्याचे पाईप हे सगळं गाडीत बसून करता येतं. पण क्लच, गिअरबॉक्स, मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट, या सगळ्यांसाठी गाडीखाली पाठीवर झोपावं लागतं. शकील वीस वर्षं झोपत होता. त्याच्या सगळ्या शर्टांची पाठ काळी असायची, छाती स्वच्छ. भाभी म्हणायच्या, धुताना उलटसुलट कळायचं नाही.

दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत अमडापूरच्या उकंडरावांचा फोन आला. उकंडराव भाजीचे व्यापारी. त्यांचीही तसलीच व्हॅन, मागच्या सीटा काढून त्यात वांगी-टमाटे भरायचे. गावाबाहेर शेतरस्त्यावर क्लच बसला होता. शकील मोटरसायकलवर जॅक आणि पाने बांधून गेला. गाडी पाहिली, प्लेट जळालीच होती. उकंडराव म्हणाले, "मी चिखलीहून प्लेट घेऊन येतो, तुमची मोटरसायकल द्या." शकील म्हणाला, "या. तवर मी बॉक्स उतरवून ठेवतो."

जॅकवर गाडी चढवली की खाली जाण्याआधी चेसिसखाली स्टेपनी सरकवून ठेवायची. जॅक सटकला तरी गाडी स्टेपनीवर बसते, माणसावर बसत नाही. हे शकीलनं किती जणांना शिकवलं असेल. पण उकंडरावांची स्टेपनी पंक्चरवाल्याकडे पडून होती. शकीलनं इकडेतिकडे पाहिलं. दोन दगड मिळाले, ते लहान निघाले. मधले बोल्ट सोडवायला दहा मिनिटं पुरतील, असा हिशेब करून तो तसाच खाली गेला.

जमीन काळी. वरून भेगाळलेली, कोरडी. पण शेजारच्या गव्हाला आदल्या दिवशी पाणी दिलेलं होतं आणि ते खालून रस्त्यापर्यंत मुरलं होतं. जॅकचा पाय हळूहळू खचत गेला. शकीलला ते कळलं नाही. त्याला एवढंच आठवतं की वरचा पत्रा आधी बाजूला सरकल्यासारखा दिसला आणि मग जवळ आला.

चाकं काढलेली नव्हती म्हणून जीव वाचला. गाडी चाकांवर बसली, पूर्ण जमिनीवर आली नाही. पण गिअरबॉक्स धरणारी आडवी लोखंडी पट्टी त्याच्या छातीवर येऊन थांबली. उजवा हात पान्यासकट डोक्याच्या वर अडकला, डावा अंगाखाली. श्वास जात होता, पण वाटीतून चमच्यानं घ्यावा तसा. मोठा घ्यायला गेलं की पट्टी रुतायची. ओरडायला जो श्वास लागतो तो छातीत मावतच नव्हता.

ढिल्या झालेल्या बॉक्समधून तेल ठिबकत होतं, त्याच्या गालावर. तो थेंब मोजू लागला. खिशात फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. भाभी जेवायला बोलावत होत्या. फोन छातीवरच होता, पट्टीच्या वीतभर खाली, आणि हात तिथपर्यंत जात नव्हता.

मग मोटरसायकल आली. शकीलला चाकं दिसली आणि चपला घातलेले दोन पाय दिसले. माणूस अनोळखी होता. गाडीखालून बाहेर आलेले शकीलचे पाय त्याला दिसले असणार, आणि मिस्त्री काम करतोय असंच त्याला वाटलं.

"भाऊ, अमडापूरले हाच रस्ता जाते का?" त्यानं विचारलं.

शकीलनं सगळा जीव एकवटून आवाज काढायचा प्रयत्न केला. नुसती हवा निघाली. मग त्यानं पाय हलवला. जितका जोरात हलवता आला तितका हलवला.

"हाव का, बरं," असं म्हणून तो माणूस निघून गेला.

शकील मला हे सांगत होता तेव्हा त्याच्या हातात चहाचा कप होता. तो म्हणाला, "सर, लोखंडाचं मले काही वाटलं नाही. तो मानूस गेला ना, तेव्हा मी खरा अडकलो."

दीड तासानं उकंडराव आले. त्यांनी पलीकडच्या शेतात हरभरा काढणाऱ्या बायांना हाका मारल्या. पाच जणी धावत आल्या. सगळ्यांनी मिळून गाडीची एक बाजू वर धरली आणि उकंडरावांनी पाय धरून त्याला ओढून काढलं.

दोन बरगड्यांना चीर होती. दीड महिन्यात भरून येईल असं डॉक्टर म्हणाले, आणि आलीही भरून. गावात सांगितलं, मोटरसायकलवरून पडलो. स्टेपनी न लावता खाली गेलो हे वीस वर्षांच्या मिस्त्रीनं कोणत्या तोंडानं सांगायचं? उकंडरावांनाही त्यानं शपथ घातली. मेहकरात भाभींशिवाय कुणाला खरं माहीत नव्हतं.

एप्रिलमध्ये त्यानं गॅरेज उघडलं. पहिलीच गाडी सायलेन्सरची होती. जॅक लावला, स्टेपनी लावली, वर दोन लाकडी ठोकळेही लावले. पोतं अंथरून तो पाठीवर झोपला आणि टाचांनी रेटत आत सरकला. डोकं पत्र्याखाली गेलं आणि छाती बंद झाली. तो सांगायचा की अंगावर काहीच नव्हतं, वर चांगला हातभर मोकळा भाग होता, पण श्वास पुन्हा चमच्यानं येऊ लागला. तो बाहेर आला तेव्हा घामानं ओला झाला होता. गाडीवाल्याला म्हणाला, "या सायलेन्सरचा माल मेहकरात भेटत नाही. दुसरीकडं पाहा."

त्या दिवसापासून तो गाडीखाली गेला नाही.

गॅरेजमध्ये मोठ्या गाड्यांसाठी उभं राहून काम करायला एक अरुंद खड्डा होता, त्यातही छाती बंद व्हायची. त्यावर त्यानं फळ्या टाकल्या आणि खड्ड्यात पाणी झिरपतं असं सांगू लागला. बोर्ड नवा रंगवला, 'शकील ऑटो इलेक्ट्रिक'. लोकांना वाटलं, मिस्त्री पुढे गेला, आता तेला-ग्रीसचं काळं काम करत नाही. घरात मात्र वेगळं चालू होतं. पांघरूण छातीच्या वर घेता येत नव्हतं. न्हाणीचं दार तो लावायचा नाही, भाभी बाहेर उभ्या राहायच्या. भाभींच्या भाचीचं लग्न अकोल्याला होतं. बस भरली, लोक मधे उभे राहिले, तसा हा जानेफळ फाट्यालाच उतरला. भाभी मुलांना घेऊन पुढे गेल्या आणि नवऱ्याला ताप आहे असं तिथं सांगितलं.

पण वायरिंगचं काम त्याला खरंच जमलं. मन लावून शिकला. एका गाडीचं स्टेअरिंग डावीकडे वळवलं की हॉर्न वाजायचा. त्यानं दहा मिनिटांत आतली घासलेली वायर शोधली. पाऊस आला की फ्यूज उडायचा अशी एक गाडी आली. त्यानं बादलीनं एकेका जागी पाणी ओतून पाहिलं आणि मागच्या दिव्याच्या होल्डरमध्ये दोष सापडला. तो म्हणायचा, करंट खोटं बोलत नाही, आपण नीट विचारत नाही.

ताईंच्या गाडीनं त्याचं नाव सगळीकडे झालं. बावीस सालच्या हिवाळ्यात गाडी सकाळी उठेना. चावी फिरवली की सेल्फ 'घ्रर' करून बसायचा. ताईंनी एका ठिकाणी बॅटरी बदलली, दुसऱ्या ठिकाणी सेल्फ खोलून घेतला. दोन दिवस बरं, पुन्हा तेच. आम्ही पाच मास्तर रोज सकाळी बसस्टँडमागे गाडी ढकलायचो आणि आमचेच विद्यार्थी ते बघायचे. वर आणखी एक नवीन दुखणं लागलं, अ‍ॅक्सिलेटर जड झाला, सोडला तरी वर येईना.

मीच म्हटलं, येता-जाता 'शकील ऑटो इलेक्ट्रिक' असा बोर्ड दिसतो, तिथं जाऊ. त्यानं सीट उचलली, ताईंना चावी फिरवायला सांगितली आणि अ‍ॅक्सिलेटरच्या तारेला बोट लावलं. लगेच काढून घेतलं.

"सर, हात लावून पाहा. सांभाळून."

तार तापली होती, चहाच्या भांड्यासारखी.

"बॅटरीतून करंट निघते, सेल्फमधून जाते, आनि वापस बॅटरीकडं यायले त्याले रस्ता लागते," तो म्हणाला. "इंजिनपासून बॉडीले एक जाड अर्थिंगची पट्टी असते. ती सडली असन. मग सेल्फचा एवढा मोठा करंट भेटन त्या रस्त्यानं येते. इथं त्याले ही तार भेटली. म्हनून सेल्फ मरते आनि तारही आतून जळून राह्यली."

ताई म्हणाल्या, "मंग मी बॅटरी काऊन बदलली?"

"सांगनाऱ्यानं सांगितलं म्हनून. बॅटरी चांगली होती तुमची."

सडलेली पट्टी खालच्या बाजूला होती. शकीलनं तिला हात लावला नाही. वरूनच इंजिनच्या एका बोल्टला नवी जाड वायर बांधली, बॉडीचा रंग खरवडून तिथं कसली, अ‍ॅक्सिलेटरची तार नवी टाकली. चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात उठली. काम पक्कं होतं, त्यात खोट नव्हती. त्या दिवशी ताई म्हणाल्या, "शकीलभाऊ, आजपासून या गाडीले दुसऱ्या कोनाचा हात लागनार नाही." शकील हसला. मी तेव्हा त्या हसण्याकडे पाहिलं नव्हतं.

पुढच्या जुलैत गाडीखालून आवाज येऊ लागला. थांबलेली गाडी निघताना एकच 'टक्'. आणि चाळीसच्या पुढे गेलं की पायाखालचा पत्रा थरथरायचा. ताईंनी शकीलला बोलावलं. त्यानं गाडीत बसून बसस्टँडपासून नाक्यापर्यंत एक चक्कर मारली.

त्याला पहिल्या 'टक्'लाच कळलं होतं. लांब शाफ्टच्या टोकाला क्रॉस असतो, चार बाजूंना सुयांच्या बेअरिंग असलेला एक लोखंडी तुकडा. तो खिळखिळा झाला की असं वाजतं. बदलायला एक तास. त्यानं असे शंभर तरी बदलले असतील. फक्त खाली झोपायचं.

"सीटचा बोल्ट ढिला हाय," तो म्हणाला आणि त्यानं सीटचे बोल्ट आवळले.

आठ दिवसांनी ताई पुन्हा आल्या. आवाज वाढला होता. या वेळी तो म्हणाला, "जरा स्प्रिंगच्या पाट्यांचं काम निघते. घाई नाही. दिवाळीच्या सुट्टीत गाडी दोन दिवस सोडा, सगळंच करून देतो. तवर चाळीसच्या वर नका जाऊ."

तो नुसता टाळत होता असं मी आता म्हणणार नाही. दिवाळीपर्यंत आपण खाली जाऊ शकू असं त्यानं ठरवलं होतं. भाभींनी हे मला नंतर सांगितलं. रोज पहाटेच्या नमाजनंतर तो गॅरेजवर जायचा. एक भंगार व्हॅन तिथं वर्षभर उभी होती. तिच्या बाजूला पोतं अंथरून तो झोपायचा. पहिल्या आठवड्यात नुसता झोपला. मग एक हात खाली घातला. मग खांदा. भाभी एकदा डबा द्यायला गेल्या तर त्यांना दिसलं, नवरा गाडीच्या कडेला पडलाय, कपाळ आत, बाकी सगळा बाहेर, आणि ओठांनी आकडे मोजतोय. त्या तशाच परत फिरल्या. घरात ते उर्दूत बोलतात; त्या दिवशी भाभी त्याला जे म्हणाल्या ते मराठीत असं होईल, "त्या ताईले खरं सांगून टाका. कपाळ आत जायले दोन महिने लागले, बाकी अंगाले किती लागतीन?" ताईंना सांगितलं तर खड्ड्यावरच्या फळ्या, नवा बोर्ड, सगळ्याचाच उलगडा होणार होता.

सप्टेंबरच्या चौदा तारखेला, गुरुवारी, शाळा सुटल्यावर आम्ही मेहकरकडे निघालो होतो. गाडीत सात माणसं. नाल्यावरचा पूल गेला की एक चढ आहे. ताईंनी दुसरा गिअर टाकला आणि खालून तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. पायाखालचा पत्रा दोनदा उचलला गेला. नर्सबाईंनी पाय वर घेतले. इंजिन चालू होतं पण गाडीला ओढ राहिली नाही. ती थांबली आणि मागे, पुलाकडे सरकू लागली.

ताईंनी ब्रेक दाबला. पेडल निम्म्याहून खाली गेलं. मागची ब्रेकची नळी तुटलेल्या शाफ्टनं कापली होती, पुढच्या चाकांचा तेवढा ब्रेक उरला होता. त्यांनी हँडब्रेक ओढला, दोन्ही पाय ब्रेकवर दिले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "सर, उतरा आनि चाकामागं दगड लावा. बाकीचे हलू नका." मी उतरलो. दगड लावला. मग दुसरा लावला. पुलाचा कठडा बारा-पंधरा पावलांवर होता.

कुणाला काही झालं नाही. ताईंनी शकीलला फोन केला. वीस मिनिटांत तो मोटरसायकलवर आला. वाकून खाली पाहिलं. शाफ्टचं मागचं टोक क्रॉसमधून सुटून रस्त्यावर टेकलं होतं. गाडी ओढून न्यायची तर शाफ्ट काढायलाच हवा होता. पुढच्या बाजूचे बोल्ट सोडायचे की झालं.

त्यानं जॅक लावला. चाकांना आणखी दगड लावले. स्टेपनी काढून खाली सरकवली. पोतं अंथरलं. गुडघ्यावर बसला, बाराचा पाना हातात घेतला, आणि तसाच राहिला.

आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्याची पाठ वर-खाली होत होती.

"शकीलभाऊ, काऊन थांबले?" ताईंनी विचारलं.

तो वळला नाही. म्हणाला, "ताई, मी खाली नाही जाऊ शकत."

"काय झालं? कंबर धरली का?"

"नाही. अडीच वर्षं झाले, मी कोनत्याच गाडीखाली गेलो नाही. माह्या अंगावर गाडी पडली होती. तवापासून जमत नाही." मग थोड्या वेळानं, "हा क्रॉसचा आवाज होता, हे मले जुलैतच कळलं होतं."

खाली नाल्यात म्हशी होत्या, त्यांना हाकणाऱ्याचा आवाज येत होता. ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर कमरेला खोचला, त्याच्या हातातून पाना घेतला आणि पोत्यावर झोपल्या.

"कोनता बोल्ट, सांगा," त्या म्हणाल्या आणि आत सरकल्या.

शकील एकदम चाकाशी उकिडवा बसला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "ताई, तुमच्या डोक्याच्या वर गोल कटोरी दिसते? तिच्या बाजूनं चार बोल्ट हायेत. डावीकडं फिरवा. ताई, बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीबी बोला. पन बोलत राहा."

आतून ताईंचा आवाज येत राहिला. एक बोल्ट निघाला. दुसरा गंजला होता, शकीलनं तेलाची बाटली आत सरकवली. ताई म्हणाल्या, डोळ्यात माती पडून राह्यली. म्हणाल्या, घरी भाकरीचं पीठ संपलं हाय. त्या क्षणभर जरी गप्प झाल्या तरी शकील म्हणायचा, "ताई?" आणि आतून उत्तर यायचं, "हाव, हाय मी." त्या कामाला पंचवीस मिनिटं लागली. शाफ्ट बाहेर आला, मागोमाग ताई आल्या. पाठ काळी, केसांत गवत.

त्या उठून उभ्या राहिल्या आणि मग बोलल्या. आवाज चढवला नाही.

"मले सांगितलं असतं, त मी दुसरीकडून करून घेतलं असतं. तुमाले हसली नसती. भीती तुमची होती, शकीलभाऊ. गाडी माही होती. आनि आत सात मानसं होते."

शकील म्हणाला, "हाव."

त्यानंतर ताईंनी गाडी चिखली रोडच्या एका मिस्त्रीकडे लावली. शकीलचं नाव काढलं की त्या रस्त्याकडे बघायच्या. गोष्ट लपून राहिली नाही, सात जणांनी पाहिलेली होती. गिऱ्हाईक थोडं तुटलं. नाक्यावरची पोरं काही दिवस 'मिस्त्री, आमच्या सायकलीखाली या ना' म्हणायची. मी शाळेतून येताना त्याच्याकडे चहाला थांबू लागलो. तिथं, तुकड्या-तुकड्यांनी, मला तो दीड तास समजला. तो मला एकदा म्हणाला, "सगळ्यांले कळल्यावर बरं वाटन असं लोक सांगतात. मले नाही वाटलं. पन आता खोटं शोधत बसा लागत नाही, तेवढा येळ वाचते."

भाभींनी त्याला बुलढाण्याला डॉक्टरकडे नेलं, बसमध्ये अगदी समोरच्या सीटवर बसवून. गोळ्या मिळाल्या. झोप सुधारली, छाती नाही सुधारली. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका, आणि भंगार गाडीखाली एकट्यानं झोपू नका.

बसस्टँडच्या पुढे एक वॉशिंग सेंटर आहे. तिथं गाडी धुवायला सिमेंटचा रॅम्प आहे, दोन उंच भिंती आणि त्यावर गाडीची चाकं. गाडी डोक्याच्या वर, खाली माणूस उभा राहू शकतो, पुढून-मागून उजेड येतो. मंगळवारी तिथं गर्दी नसते. शकीलनं मालकाला विचारलं. पहिल्या मंगळवारी तो रॅम्पच्या तोंडाशी उभा राहून आला. दुसऱ्या मंगळवारी आत गेला आणि वर न बघता दुसऱ्या बाजूनं बाहेर पडला. असं करत-करत उन्हाळ्यापर्यंत तो तिथं उभ्यानं काम करू लागला. दहा-बारा मिनिटं. मग बाहेर येऊन तोंडावर पाणी मारायचं, थोडं चालायचं, परत आत. आणि समोर कुणीतरी उभं पाहिजे, त्याला दिसेल असं. बहुतेक वेळा भाभीच असायच्या, विणकाम घेऊन.

चोवीसच्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर ताईंनी मला विचारलं, "तुमचे शकीलभाऊ काय करून राह्यले आता?" मी सांगितलं. पुढच्या मंगळवारी मेहकरात शिरल्यावर त्यांनी गाडी बसस्टँडमागे न नेता वॉशिंग सेंटरला वळवली. गिअरबॉक्समधून तेल गळत होतं, सील गेली होती.

शकील गाडी बघून उभा राहिला. हात पुसले.

"ताई, मले येळ लागन," तो म्हणाला. "दुसरा मिस्त्री अर्ध्या तासात करन. मले दोन तास लागतीन. मधात बाहेर येतो मी."

"या ना," ताई म्हणाल्या. "मी हाय इथं."

भाभी त्या दिवशी माहेरी गेल्या होत्या. ताईंनी एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि रॅम्पच्या तोंडाशी, उजेड अडणार नाही अशी बाजूला ठेवून बसल्या. शकील आत गेला. मी थोडा वेळ थांबलो. तो पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा ताईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, मोबाईलमध्ये काही वाचत राहिल्या. तो पाणी प्यायला, नळाशी उभा राहिला आणि पुन्हा गेला. दुसऱ्यांदा बाहेर आला तेव्हा श्वास जोरात चालला होता, तेव्हाही त्या मान खाली घालून वाचतच राहिल्या. मग मी घरी निघालो. मेहकरात माझं घर तिथून दहा मिनिटांवर आहे.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला गाडी नेहमीच्या जागी उभी होती. मी विचारलं, झालं का काम.

"झालं," ताई म्हणाल्या. "रातचे पावनेआठ वाजले. बसा, सर. आज पाऊस दिसते, दार नीट लावा."